वावर सांभाळून पदवी : आधी मान्यता पाहा, मगच पैसे भरा

जुलै-ऑगस्ट हे आपल्या जिल्ह्यात हात रिकामे असण्याचे महिने. बियाणे झाले, खताचा पहिला हप्ता झाला, निंदणाची मजुरी द्यायची आहे आणि कापसाचा पहिला पैसा अजून दसरा-दिवाळीच्या पलीकडे आहे. नेमक्या याच दिवसांत मुक्त विद्यापीठाचे प्रवेश सुरू असतात. बारावी होऊन चार-सहा वर्षे वावरात राबलेला पोरगा, ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारा परिचालक, अंगणवाडीची सेविका, कृषी केंद्राच्या काउंटरवर उभा राहणारा नोकर, अशी कितीतरी माणसे या दिवसांत एकच गोष्ट विचारतात, "बाहेरून बी.ए. करावं म्हणतो, पण ते चालते का?"

चालते. पण कोणाचे, कोणते आणि कशासाठी, हे पाहिल्यावाचून चालते म्हणणे धोक्याचे आहे. आपल्याकडे माणूस म्हैस घ्यायला गेला तर चार वेळा तिचे दात पाहतो, कास पाहतो, दूध काढून पाहतो. तोच माणूस पोराच्या पदवीचे पैसे मात्र चौकातल्या फ्लेक्सवरचा नंबर पाहून भरून मोकळा होतो. पैसे गेले तर निदान पुन्हा कमावता येतात. तीन वर्षे गेली तर ती गेली, आणि तेवढ्यात भरतीची वयोमर्यादाही सरकते.

"बाहेरून" हा शब्दच आधी बाजूला ठेवावा लागेल. पूर्वी विद्यापीठे बहिःस्थ विद्यार्थी घेत. पुस्तके तुम्ही मिळवा, अभ्यास तुम्ही करा, परीक्षेला तेवढे या, असा तो मामला होता. मुक्त विद्यापीठ ही वेगळी वस्तू आहे. इंग्लंडात १९६९ साली पहिले मोठे मुक्त विद्यापीठ निघाले. आपल्या देशात १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेशाचे, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. विधिमंडळाने कायदा करून ते काढले. डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचे ब्रीद. इथे स्वतः वाचून समजेल अशी पुस्तके मिळतात आणि तीही मराठीत. गावाजवळच्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र असते, सुटीच्या दिवशी तासिका होतात, स्वाध्याय लिहून द्यावे लागतात आणि त्यानंतर परीक्षा. आपला जिल्हा त्याच्या अमरावती विभागीय केंद्राखाली येतो. यात एक गैरसोय आहे, ती सांगितली पाहिजे. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ आणि तिथेही विभागीय केंद्र आहे, पण जिल्हा यवतमाळ म्हणून त्याचा कागद अमरावतीला जातो. काम अडले की त्याला अख्खा जिल्हा ओलांडून जावे लागते.

आता कायद्याचे. विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणाची नियमावली ४ सप्टेंबर २०२० रोजी निघाली. तीत लिहिलेले आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी ही नेहमीच्या महाविद्यालयाच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. तरीही कुठे कुठे शंका काढत म्हणून आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये तेच पुन्हा जाहीर केले. म्हणजे "मुक्तची बी.ए. आहे, ही कच्ची" असे कोणी साहेब किंवा गावातला शहाणा म्हणाला तर त्याचे ऐकून घेण्याचे कारण नाही. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला ती चालते, तलाठ्याच्या भरतीला चालते, पुढे एम.ए. करायलाही चालते.

मात्र त्या नियमात "मान्यताप्राप्त" हा शब्द आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मान्यता विद्यापीठाला असते तशी अभ्यासक्रमालाही असते, आणि ती वर्षावर असते. विद्यापीठ खरे, इमारत खरी, पण ज्या वर्षी तुम्ही नाव घातले त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला दूरशिक्षणाची मान्यता नव्हती, तर तुमची पदवी लंगडी. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्था, अभ्यासक्रम आणि सत्र यांची यादी असते. आपले सरकार केंद्रात वा सेतूमध्ये सात-बारा काढायला जाताच ना, त्याच पोराला ही यादी उघडायला सांगा. दहा मिनिटांचे काम आहे. आपल्या अभ्यासक्रमाचे नाव असलेल्या पानाची छापील प्रत काढून पावतीसोबत जपून ठेवा. पाच वर्षांनी कागदपत्र पडताळणीला बसाल तेव्हा हेच पान कामाला येईल.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. देशात काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या मंजुरीवाचून दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात नाव घातलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा देऊन पास होण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द झाल्या. त्या पदवीवर मिळालेल्या बढत्याही गेल्या. या लोकांनी फसवणूक केली नव्हती. त्यांनी पैसे भरले, पेपर लिहिले, नोकरी सांभाळून रात्री जागले. पाहायचे तेवढे पाहिले नाही.

दुसरा निकाल २००९ चा आहे, तामिळनाडूतला. एका नोकरदाराने आधीची पदवी नसताना मुक्त पद्धतीने थेट एम.ए. केले आणि त्यावर वरचे पद मागितले. न्यायालयाने म्हटले, पायरी गाळून घेतलेली पदवी या कामी चालणार नाही. आपल्याकडे हा मुद्दा बारावीच्या बाबतीत येतो. पूर्वी आपल्या मुक्त विद्यापीठात बारावी नसलेल्या प्रौढाला पूर्वतयारीचा छोटा अभ्यासक्रम करून पदवीला बसता येई. शाळा सुटलेल्या हजारो माणसांना त्याने दार उघडले, हे त्याचे श्रेय आहेच. पण पूर्वतयारीचे प्रमाणपत्र म्हणजे बारावीचे प्रमाणपत्र नव्हे. ज्या पदाच्या जाहिरातीत बारावी मागितलेली असते तिथे माणूस अडकतो. म्हणून ज्याची बारावी राहिली आहे त्याने घाई करू नये. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून आधी बारावी काढावी. एक वर्ष जास्त जाईल, पण पायरी पक्की होईल. बाया-माणसांना हे जास्त लागू आहे. अंगणवाडी सेविका होण्यासाठी २०२३ पासून किमान बारावी लागते आणि पर्यवेक्षिकेच्या सरळ भरतीला पदवी. दहावीला लग्न लागून सासरी आलेल्या कितीतरी हुशार लेकी आपल्या गावांत आहेत. त्यांचा रस्ता सतरा नंबरच्या फॉर्मपासून सुरू होतो.

आता बाजारातल्या दुकानांविषयी. काही वर्षांपूर्वी तालुक्या-तालुक्याला परराज्यातल्या विद्यापीठांचे फलक लागले होते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, दोन टेबले, आणि "एका वर्षात पदवी" असे बोल. आजच्या नियमाने राज्याच्या विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाचे केंद्र चालवता येत नाही, आणि कोणालाही केंद्र ठेक्याने देता येत नाही. इग्नू केंद्र सरकारच्या कायद्याने झालेले, म्हणून ते देशभर चालते. विदर्भासाठी त्याचे विभागीय केंद्र नागपूरला आहे. तेव्हा राजस्थान, मेघालय किंवा आणखी कुठल्या राज्याच्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी वणीत नाहीतर दिग्रसमध्ये बसून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. एका वर्षात तीन वर्षांची पदवी, मागच्या तारखेचा प्रवेश, परीक्षेला न येता पास, यातले एकही काम कायद्याने होत नाही. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही काढतो, आणि तीत नागपूरचे एक नाव वर्षानुवर्षे आहे. मोबाइलवर ज्या ऑनलाइन पदव्यांच्या जाहिराती येतात त्यांचा प्रकार वेगळा. त्यांना राज्याची हद्द नाही, पण त्यांच्यासाठीही आयोगाची स्वतंत्र यादी आहे. त्यातही नाव पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.

शेतकऱ्याच्या घरात हमखास विचारली जाणारी गोष्ट म्हणजे कृषीची पदवी. पोरगा वावरात आहेच, तर बी.एस्सी. कृषी बाहेरून का करू नये? विचार चांगला आहे, पण आयोगाने दूरशिक्षणाला बंदी केलेल्या विषयांच्या यादीत कृषी आहे. फलोत्पादन, अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा हेही त्यात आहेत. कारण उघड आहे. माती हातात न घेता शेतीचा पदवीधर होऊ नये, असे सरकारचे म्हणणे. आपल्यासारख्याला वाटते की माती तर रोजच हातात आहे. पण नियम हा नियम. तेव्हा दूरशिक्षणाने बी.एस्सी. कृषी मिळवून देतो म्हणणाऱ्याकडे आज फिरकू नका.

कृषी केंद्र चालवणाऱ्यांसाठी मात्र एक चांगली सोय आहे. ती पदवी नव्हे, पदविका आहे. हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी सुरू केलेला "देसी" नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस, रविवारी नाहीतर बाजाराच्या सुटीच्या दिवशी. त्यात शिवारभेटीही असतात. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळू नये हे काउंटरवरच्या माणसाला कळते की नाही, याला तेव्हा किती महत्त्व आले ते आपण पाहिले. ज्याचे पोट कृषी केंद्रावर आहे त्याला बी.ए. पेक्षा ही पदविका अधिक कामाची, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावरून मुख्य गोष्टीकडे येतो. पदवी कशासाठी हवी हे आधी ठरवा, आणि त्या पदाची मागची जाहिरात काढून वाचा. आपल्याकडे याची उलटी रीत आहे. आधी बी.ए. करायचे आणि मग जाहिरात शोधायची. ग्रामसेवकाचेच उदाहरण घ्या (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). आजवरच्या जाहिरातींत त्याला बारावी ६० टक्क्यांनी, किंवा अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका, किंवा समाजकार्याची पदवी म्हणजे बी.एस.डब्ल्यू., किंवा दोन वर्षांची कृषी पदविका अशी पात्रता मागितलेली आहे. म्हणजे ज्या पोराला बारावीला ५२ टक्के आहेत, तो तीन वर्षे खपून बी.ए. झाला तरी त्या दारात बाहेरच उभा! तेच तलाठ्याचे पाहा. ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. इथे मुक्तची बी.ए. पुरते. मात्र २०२३ च्या तलाठी भरतीत राज्यात साडेचार हजारांवर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले, हेही ध्यानात असू द्या. पदवीने रांगेत उभे राहता येते, एवढेच. रांग लांब आहे. पोलीस पाटलाला तर दहावी पुरते, त्याला पदवीची अट नाही. शिक्षकांसाठी मुक्त विद्यापीठाचे बी.एड. आहे, पण ते नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी. नोकरी नसलेल्या पदवीधराने त्यावर आशा लावू नये.

वाचकांपैकी जे स्वतः नोकरीत आहेत, ग्रामपंचायतीत, तहसिलीत, जिल्हा परिषदेत, त्यांनी अर्ज भरण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी आणि पास झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी. साहेब तोंडाने "कर ना बाप्पा" म्हणतो, त्याची बदली होते, आणि नवा साहेब परवानगीचा कागद मागतो.

आता खर्चाकडे वळू. मुक्त विद्यापीठाची बी.ए., बी.कॉम. ही राज्यातल्या सर्वात स्वस्त पदव्यांपैकी आहे. पुस्तके त्यातच येतात, वसतिगृह नाही, शहरात खोली नाही. दरवर्षीचे शुल्क माहितीपुस्तिकेत छापलेले असते. तो आकडा पाहिल्यावाचून कोणाच्या हातावर पैसे ठेवू नका. भरणा ऑनलाइन करा आणि विद्यापीठाच्या नावाची पावती घ्या. "फॉर्म भरण्याचे", "स्वाध्यायाचे", "वरच्या साहेबांचे" असे वेगवेगळे पैसे कोणी मागितले तर त्याची पावती मागा. बहुतेक वेळा पावती मागितली की मागणी विरते.

शुल्कापेक्षा मोठा खर्च वेळेचा आहे, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मुक्तची परीक्षा मे-जूनच्या सुमारास येते. त्या वेळी आपल्या घरी वखरणी, धुरे साफ करणे, बियाण्याची धावपळ आणि पेरणी एकदम अंगावर असते. पाऊस पडला की ओल जायच्या आत सरकी टोबायची की राज्यशास्त्राचा पेपर द्यायला तालुक्याला जायचे? ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे तो पेरायलाच जाईल, आणि त्याला दोष कोण देणार? पेपर सुटतो, विषय मागे पडतो, पुढच्या वर्षी लाज वाटते, आणि पदवी अर्ध्यावर राहते. माणसे बुद्धीने कमी पडतात म्हणून ती राहत नाही. वर्षाच्या आखणीत शेती धरलेली नसते, म्हणून राहते.

याला उपाय आहे, पण तो प्रवेशाच्या दिवशीच करावा लागतो. परीक्षेच्या महिन्यात पेरणी कोण पाहील हे घरात आधी बोलून घ्या. भाऊ, मेव्हणा, शेजारी, कोणीतरी. अभ्यासाचा खरा काळ पोळ्यानंतर सुरू होतो. डवरणी संपलेली असते, पऱ्हाटी बोंडावर यायची असते, तेव्हा महिना-दीड महिना रात्रीचा एक तास निघतो. वेचणीत काही होत नाही, ते सोडून द्या. उलंगवाडी झाली की फेब्रुवारी ते एप्रिल हा तुमचा मुख्य मोसम. स्वाध्याय तेव्हाच लिहून केंद्रात द्या आणि दिल्याची पोच घ्या. रविवारची तासिका निदान महिन्यातून दोनदा तरी गाठा. शिकवण्यासाठी म्हणून नव्हे, तर परीक्षेची तारीख, फॉर्मची मुदत, बदललेले पुस्तक या गोष्टी तिथे बसणाऱ्यालाच कळतात. झरी जामणीच्या किंवा घाटंजीच्या आतल्या गावांतून एसटीची एकच फेरी असते हे ठाऊक आहे. अशा गावांतल्या तीन-चार जणांनी एकाच अभ्यासक्रमाला नाव घातले तर पाळीपाळीने एकाने जायचे, असे जमू शकते.

इथे अभ्यासकेंद्रांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत ही केंद्रे चालतात, काही चांगली चालतात. पण फॉर्म भरून घेतल्यावर विद्यार्थ्याला विचारायचेच नाही, अशीही आहेत. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आली की एक निरोप गावात पोचला, तर कितीतरी वर्षे वाचतील. ग्रामपंचायतीच्या फलकावर घरपट्टीची नोटीस लागते, तशी ही तारीखही लावता येईल. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढे केले तर त्यात दमडीचा खर्च नाही.

राहता राहिला पैशाच्या मोसमाचा प्रश्न. जुलैत हात रिकामा असतो म्हणून सावकाराकडून वा बचतगटातून काढून शुल्क भरणारे आहेत. त्यांच्यासाठी इग्नूचा रस्ता पाहण्यासारखा आहे. तिथे वर्षातून दोनदा प्रवेश होतो, जुलैत आणि जानेवारीत. परीक्षाही जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अशा दोनदा असतात. जूनचा पेपर पेरणीत सापडला तर डिसेंबरात देता येतो आणि तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. अडचण भाषेची. पुस्तके मुख्यतः हिंदी-इंग्रजीत. ज्याला हिंदी वाचून समजते त्याला जड नाही, ज्याला मराठीच हवी त्याला नाशिकचे विद्यापीठ बरे.

आणखी एक. २०२४ पासून दूरशिक्षणाला नाव घालण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा डेब क्रमांक काढावा लागतो. त्यासाठी आधी शैक्षणिक क्रेडिट खात्याचा क्रमांक लागतो, तो डिजिलॉकरवर निघतो. आधार, दहावीची सनद आणि शाळेचा दाखला यांवर नाव एकसारखे नसेल तर हे काम अडते. आपल्याकडे आधारवर "राव" लागलेला असतो, सनदेवर नसतो, आणि बायांचे तर माहेरचे-सासरचे नाव वेगळेच. ही दुरुस्ती शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी होत नाही. ज्यांना येत्या जानेवारीत इग्नूला किंवा पुढच्या जुलैत मुक्तला नाव घालायचे आहे, त्यांनी कापूस घरात यायच्या आधीच आधार केंद्रावर एक चक्कर मारावी.